काकीचे लाल तळवे

मोठ्या काकीचे तळवे बारा महिने लाल असत. नवरीचे असावेत तसे लाल, आणि काकी तर विधवा. दुसरं महायुद्ध सुरू होण्याआधीचं आमचं खारी गाव. कपाळ मोकळं आणि पाय रंगलेले, हे लोकांच्या डोळ्यांत खुपायचंच.

काकी मिठागरात मजुरीला जायची. खाऱ्या पाण्यात दिवसभर उभं राहून फावड्यानं मीठ ओढायचं. त्या पाण्यानं तळव्यांना भेगा पडतात आणि भेगेत मीठ शिरलं की माणूस कळवळतो. काकी कुंपणावरच्या मेंदीचा हिरवा पाला चिंचेच्या कोळात वाटायची, तळव्यांना थापून वर चिंध्या बांधायची आणि ओसरीवर पाय पसरून बसायची. त्यानं आग थांबते, कातडी चिवट होते. पण रंग कातडीतच मुरतो, मिठागराच्या पाण्यालाही दाद देत नाही. गुण घ्यायचा तर रंगही घ्यावा लागतो.

आजी, म्हणजे काकीची सासू, टोचायची, "कोनासाठी नटतंस?"

काकी चिंधीची गाठ मारत म्हणायची, "माजा धनी गेला, पाय न्हाय गेलं." आणि वर हसायची. तिचं ते हसणं मला फार आवडायचं.

मग काकीच्या मुलीला, आमच्या ताईला, घोडबंदरचं स्थळ आलं. पाहुण्या बायकांनी काकीचे पाय पाहिले, आपसात कुजबुजल्या आणि पाण्यालाही न शिवता उठल्या. आजी म्हणाली, "पोरीचं लगीन व्हवं, का तुजं पाय?"

काकीनं मेंदी बंद केली. मिठागर बंद करणं परवडणारं नव्हतं. रंग उतरत गेला तशा भेगा उघडत गेल्या. मोडता मोडता राहिलेलं लग्न लागलं, तेव्हा काकी दाराआड एका पायावर भार देऊन उभी होती. मी पायाचं विचारलं तर म्हणाली, "आता लाल न्हायत ना? झालं तं."

त्या पायात पू झाला, ताप चढला आणि पावसाळ्याआधीच काकी गेली. आजीचा मला तेव्हा आलेला राग कितीतरी दिवस गेला नाही.

पण इथंच थांबले तर आजीवर अन्याय होईल. पुढं माझे वडील गेले आणि आई मिठागरात जाऊ लागली. थोड्याच दिवसांत ती लंगडत घरी आली. आजी कुंपणाशी गेली, पाला खुडून आणला आणि पाट्यापाशी बसली. आईनं पाय लुगड्याखाली ओढून घेतले.

"नको, आत्याबाई. लोक काय म्हनतील?"

"लोकांना एक सून दिली मी," आजी म्हणाली. "पाय पुढं कर."