फियाटच्या दारावरची दोन अक्षरं

मंडळी, आज कोथरूडच्या गॅरेजमध्ये आमच्या जुन्या फियाटचा मूळ रंग शोधत होतो. गाडी घेतली तेव्हाचाच रंग हवा, हा बाबांचा हट्ट. पंच्याऐंशीचे बाबा समोर खुर्ची टाकून बसले होते.

पेंटरने मागच्या दाराला पॉलिश पेपर मारला. वरचा पांढरा गेला आणि खालून राखाडी निळा निघाला. "हाच!" बाबा म्हणाले. त्या निळ्यावर खिळ्याने कोरलेली दोन अक्षरं होती. उमा.

उमाताई माझी मोठी बहीण. तीन वर्षांपूर्वी गेली.

बाबांनी अक्षरांवरून बोट फिरवलं. "यासाठी फार मारलं होतं रे मी तिला. हट्टी कार्टी, शेवटपर्यंत कबूल झाली नाही."

ते मी कोरलं होतं. पाच वर्षांचा होतो. ताईने मला सगळ्यात आधी तिचंच नाव लिहायला शिकवलं होतं. मार खाल्ला, पण तिने माझं नाव घेतलं नाही.

"लांबी भरून बुजवू का?" पेंटरने विचारलं. मी घाईघाईने हो म्हणालो.

रिक्षात बाबा एवढंच म्हणाले, "तिची माफी मागायची राहिली."

आता या वयात त्यांना खरं सांगू? तुम्ही सांगितलं असतंत?