उंबऱ्यावरचे ‘येतंय’

आमच्याकडे घरातून निघणारा माणूस ‘जातो’ म्हणत नाही. बाई असो वा पुरुष, उंबऱ्याबाहेर पाऊल टाकताना ‘येतंय’, म्हणजे ‘येतो’ किंवा ‘येते’, म्हणायचे आणि घरातल्याने आतून ‘ये’ असा जबाब द्यायचा, हा मालवणी मुलखाचा शिरस्ता आहे. तो मोडणे अशुभ समजतात. जहिरा होडेकर हिने हा शिरस्ता एका डॅनिश बाईस मोठ्या निष्ठेने शिकविला. पुढे त्याच एका शब्दाचा अर्थ कोणता घ्यावा, यावर तिचे घर राहणार की जाणार, हे ठरण्याची वेळ आली. मी तिचा शेजारी. बंदर खात्यातून निवृत्त झालेला. जे पाहिले, ते क्रमाने लिहितो.

जहिरा मूळची खारेपाटणची. बाजारपेठेत वडिलांचे भुसारी दुकान होते. गुलामशी निकाह झाल्यावर ती मालवणात, बंदरालगतच्या आमच्या वाडीत आली. गुलामची होडी होती. पर्यटकांना किल्ल्याच्या बाजूस नेऊन पाण्याखालची प्रवाळे दाखविणे, हा त्याचा व्यवसाय. एका हिवाळ्यात त्याच्या होडीतून उतरलेल्या एका उंच, सडपातळ बाईला गावात कोठेच खोली मिळेना. गुलाम तिला सरळ घरी घेऊन आला. जहिराने पुढ्यात घावणे आणि नारळाचा रस ठेवला. बाईने दोन दिवसांसाठी म्हणून पिशवी खाली ठेवली आणि महिनाभर मुक्काम केला.

तिचे नाव इंगर. रुग्णालयात परिचारिका होती, निवृत्त झाली होती. पुढच्या वर्षी ती मैत्रिणींना घेऊन आली. गुलामने घरामागे चिऱ्याच्या दोन खोल्या बांधल्या. आपल्याकडचे पर्यटक दिवाळीत आणि मे महिन्यात येतात, दोन दिवस राहतात आणि परततात. इंगरची मंडळी थंडीत येत व आठवडेच्या आठवडे राहत. मधला रिकामा काळ तीच भरून काढीत. त्यांच्यावर ते घर उभे होते, असे म्हटले तरी चालेल. बाजारात ही मंडळी वाट चुकत, म्हणून जहिरा प्रत्येकीला एक कापडी पिशवी शिवून देई आणि तिच्यावर रंगीत दोऱ्याने आपला फोन नंबर भरी. ‘गाईच्या गळ्यात घंटा बांधल्यासारखा झाला ह्या,’ असे गुलाम म्हणे.

इंगर प्रत्येक वस्तूचे नाव विचारी. पहिल्या वर्षी निघताना तिने अंगणात उभे राहून, परीक्षेत उत्तर द्यावे तसे, स्पष्ट म्हटले, ‘जातंय.’

जहिराने धावत जाऊन तिच्या तोंडावर हात ठेवला. ‘जातंय म्हणूचा नाय गो! येतंय म्हण.’

‘पण मी जातंय,’ इंगर म्हणाली.

‘जातंस ता माका दिसता. तरी येतंय म्हण.’

इंगरने म्हटले. तेव्हापासून दर वर्षी म्हणत आली. दोन हजार वीसच्या मार्चमध्ये देशोदेशींच्या सीमा बंद होऊ लागल्या, तेव्हा ती मुक्काम अर्ध्यावर सोडून घाईने निघाली. त्या गडबडीतही उंबऱ्यावर थांबून ‘येतंय’ म्हणाली आणि जहिराने ‘ये’ म्हटले.

त्यानंतर दोन हिवाळे कोणी आले नाही. करोनाच्या दुसऱ्या लाटेत गुलाम गेला. मागच्या खोल्यांना कुलूप लागले, आणि धाकटा दीर साद मुंबईहून येऊन जहिराशी बोलू लागला. साद एका जहाज कंपनीच्या कचेरीत नोकरीस आहे. माणूस वाईट नाही. परंतु घर दोघा भावांच्या नावावर होते, आणि प्रीतम नावाचा एक रिसॉर्टवाला ते सगळे दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने मागत होता. जहिराने खारेपाटणला लेकीकडे, इल्माकडे, राहावे अशी सादची योजना होती. जावयाच्या दारी राहायचे, या कल्पनेनेच जहिराचा चेहरा उतरे.

शेवटी सादने मुदत घातली. फेब्रुवारीतल्या अखेरच्या शुक्रवारी, जुम्म्याची नमाज झाली, की प्रीतमला चावी द्यायची. ‘त्याच्याआधी तुझी परदेशी माणसा इली, तर मी तोंड उघडूचंय नाय, भाबी. अल्लाची शपथ.’

जानेवारीत या शपथेला काही अर्थच नव्हता. युरोपातून येणाऱ्या प्रवाशाने निघण्यापूर्वी चाचणी करावी, विमानतळावर उतरल्यावर पुन्हा करावी, सात दिवस खोलीत विलग राहावे आणि आठव्या दिवशी आणखी एकदा चाचणी द्यावी, असा तेव्हा नियम होता. इंगरने कळविले होते, की तिची प्रकृती वर्षभर बरी नाही. चाचणीत काही निघाले तर परक्या देशात कोणत्या रुग्णालयात नेतील, या विचाराने तिचे धैर्य होत नाही.

फेब्रुवारीच्या मध्यावर नियम सैल झाले. जहिरा सकाळीच माझ्या फाटकाशी आली.

‘काकानु, टेस्ट काढली म्हणतत, खरा?’

मी तिला वर्तमानपत्रातील मजकूर समजावून दिला. ठरावीक देशांतील प्रवाशांना लसीचे प्रमाणपत्र पुरेसे होते, आणि डेन्मार्क त्या यादीत होता. उतरल्यावर सर्वांची नव्हे, मोजक्या काहींचीच चाचणी व्हायची. सात दिवसांचे विलगीकरण रद्द झाले होते. प्रवाशाने आपल्या प्रकृतीवर स्वतः लक्ष ठेवावे, एवढेच.

‘म्हणजे ती येवक शकता?’

‘नियमाने येऊ शकते,’ मी म्हणालो. ‘येईल की नाही, हे नियम सांगत नाही.’

तिने तेथेच उभे राहून इंगरला संदेश धाडला. उत्तर येण्यास काही दिवस गेले. आले तेव्हा ते एकाच शब्दाचे होते, इंग्रजी अक्षरांत लिहिलेले: येतंय.

जहिराने त्याच दिवशी मागच्या खोल्या उघडल्या, गाद्या उन्हात टाकल्या आणि इंगरला विचारले, ‘कधी?’ तो संदेश पोहोचलाच नाही. फोन लावला, तर बंद. दुसऱ्या दिवशीही बंद.

वाडीत बातमी पसरली. पलीकडच्या घरातील हौसाबाई कुंपणाशी येऊन म्हणाल्या, ‘टेस्ट नाय करता येतली ती? रोगान तुझ्या घोवाक न्हेल्यान, ता पुरा नाय झाला तुका?’

जहिरा गादी झोडपत होती. तिचा हात थांबला. ‘माझो घोव गेलो तेव्हा सगळी गोरी आपापल्या घराक होती, हौसाबाय. तेका रोग दिलो तो आपल्याच बाजारान.’

हौसाबाई आत गेल्या. पण त्यांचे भय खोटे नव्हते, आणि जहिराही ते जाणून होती. तिने खोलीच्या दाराशी साबण आणि पाण्याची बादली आणून ठेवली.

गुरुवारी संध्याकाळी साद आला. खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, माझ्या शेजारी बसून त्याने तो संदेश वाचला, पुन्हा वाचला. मग फोन खाली ठेवून मृदू आवाजात बोलला. त्या मृदुपणाचीच मला भीती वाटली.

‘भाबी, जाताना माणसा काय म्हणतत?’

‘येतंय म्हणतत.’

‘आणि तिका ता शिकवल्यान कोणी?’

जहिराने खाली ठेवलेला फोन आपल्याकडे ओढला.

‘ह्यो निरोप आसा गो. तिका यायचा असता, तर तारीख लिवली असती, विमान लिवला असता. नुसता येतंय कोण लिवता?’

‘निरोप उंबऱ्यार घेतत रे,’ जहिरा म्हणाली. ‘ती हय खंय आसा? थंयसून येतंय म्हटल्यान, म्हणजे थंयसून निघाली.’

‘वरसभर आजारी बाई ती. अशी माणसा शेवटचो निरोप देवन ठेवतत. आणि आता फोन पण बंद.’

  गेले दोन दिवस जहिराच्या मनात नेमके हेच येत असले पाहिजे, कारण तिने रागाने उत्तर दिले नाही. ओढणीचे टोक मुठीत धरून ती तशीच बसून राहिली. मग माझ्याकडे वळली.

‘काकानु, तुम्ही सांगा. ह्येचो अर्थ काय?’

मी खोटा दिलासा देऊ शकलो नाही. दोन्ही अर्थ शुद्ध आहेत, असे सांगितले. कोणता खरा, ते बोलणाऱ्याच्या पायांवरून कळते. आणि पाय आपल्याला दिसत नाहीत.

शुक्रवारी सकाळी जहिराने खोली घासूनपुसून लखलखीत केली. पलंगावर धुतलेली चादर, वर मच्छरदाणी, तांब्यात पाणी. स्वयंपाकघरातून घावण्यांचा वास माझ्या पडवीपर्यंत येत होता. प्रीतम ठरल्या वेळेच्या बराच आधी आला आणि टेप घेऊन अंगण मोजू लागला.

‘ह्यो माड काढूक लागतलो,’ तो म्हणाला. ‘हय स्विमिंग पूल येतलो.’

‘समुद्र हाकेर आसा, आणि तुका खड्डो होयो?’ जहिराने विचारले.

‘लोकांका दोनय होये आसतत, जहिराबाय.’

‘माड गुलामान लायलोलो.’

प्रीतमने टेप गुंडाळली. पण माडाच्या बुंध्याकडे तो अंदाज घेतल्यासारखा पाहतच राहिला. अजान झाली. साद टोपी घालून मशिदीकडे गेला. जहिराने चावी ओढणीच्या टोकात ठेवून गाठ मारली आणि ती उंबऱ्यावर येऊन बसली. तिने मला हाक मारली नव्हती. तरी मी गेलो आणि खळ्यातल्या बाकावर बसलो. रस्त्यावरून एखादी गाडी जाई तेव्हा ती मान उचले. गाडी निघून जाई.

नमाज आटोपून साद परतला. तो घाईत नव्हता. वहिनीला त्याने पुरेसा वेळ दिला होता, असे त्याच्या चालण्यावरून दिसत होते.

‘भाबी, चावी.’

‘खोली भरलेली आसा,’ जहिरा म्हणाली.

सादने मागे जाऊन दार लोटले. घराच्या उघड्या दारांतून आरपार आम्हालाही दिसले: मच्छरदाणी, तांब्या आणि कोणी न झोपलेला पलंग.

‘खंय आसा माणूस?’

‘वाटेर.’

‘भाबी, पुरे झाला!’ साद प्रथमच ओरडला. त्याने हात पुढे केला. ‘दी हकडे.’

जहिरा उठली नाही. ओढणीचे गाठ मारलेले टोक तिने मांडीवर ठेवले. ‘घे. गाठ मी सोडूचंय नाय. तुका होयी तर तू सोड.’

सादचा हात हवेतच थांबला. भावाच्या विधवेच्या ओढणीला, चार माणसांदेखत, तो हात लावणार नव्हता. हे तिला ठाऊक होते आणि त्यालाही. प्रीतम चुळबुळ करीत म्हणाला, ‘अरे, दुसरी चावी असतली मगे…’ सादने त्याच्याकडे असे पाहिले, की त्याचे वाक्य अर्धेच राहिले.

 मग जहिराचा फोन वाजला. नंबर अनोळखी होता. घाईत तिच्याकडून आवाज मोठ्याने ऐकू येण्याचे बटण दाबले गेले.

‘जहिराबाय काय हां? मी कुडाळचो बाबू रिक्षावालो. मगासधरून तुमच्या बाजारात फिरतंय. एक गोरी आजी आसा माझ्या रिक्षेत. पिशयेर तुमचो नंबर दिसलो. खंय जावचा, असा इचारलंय, तर म्हणता, येतंय. मी म्हटलंय, येतंस ता बरा, पण खंय? तर परत म्हणता, येतंय!’

जहिराने फोन माझ्यापुढे धरला. रस्ता मीच सांगितला.

रिक्षा फाटकाशी थांबली. इंगर उतरली. फार वाळली होती. रिक्षाच्या दांड्याला धरून क्षणभर उभी राहिली. खांद्याला रंग उडालेली ती कापडी पिशवी. जहिरा धावली, पण दोन हातांवर थबकली. दोघींनी एकमेकींच्या मुखपट्ट्यांकडे पाहिले, हौसाबाईंच्या कुंपणाकडे पाहिले. आणि मग जहिराने ते सारे बाजूला सारून तिला मिठी मारली.

इंगरचा फोन बेसिनच्या पाण्यात पडून बिघडला होता. ‘पण मी सांगितलं ना?’ इंगर आपल्या मोडक्या भाषेत म्हणाली. ‘येतंय.’

‘एकटीच?’ सादने विचारले.

एकटीच होती. मैत्रिणींनी तिकिटे काढली नव्हती. चाचणी गेली तरी भीती गेली नाही. इंगर धडधाकट परत आली, तर पुढल्या हिवाळ्यात पाहू, असे त्यांनी ठरविले होते. जहिरा हे आम्हाला समजावून सांगत असता तिचा आवाज खाली आला. एक म्हातारी म्हणजे हंगाम नव्हे, हे तिथे प्रत्येकाला कळत होते.

प्रीतमला मात्र वेगळेच कळले. तो सादच्या कानाशी लागला, पण कुजबूज आम्हा सर्वांना ऐकू आली. ‘एक इली, म्हणजे मागसून येतली सगळी. आता तर ह्या घर माका होयाच. तू बोल, मी वाढवन दितंय.’

जहिराने दिराकडे पाहिले. त्याने शपथ घेतली होती ती ‘माणसा’, म्हणजे माणसे, येण्याची. आणि आलेला माणूस एकच होता. सादला पळवाट हवी असती, तर ती तेथे होती.

इंगरची बॅग उंबऱ्याशीच पडून होती आणि ती दमून चौकटीला टेकली होती. साद काही क्षण त्या बॅगेकडे पाहत राहिला. मग त्याने ती उचलली आणि एक अक्षरही न बोलता मागच्या खोलीत नेऊन ठेवली. तोंड न उघडण्याची शपथ त्याने शब्दशः पाळली.

प्रीतमने टेप खिशात घातली. फाटकाशी वळून, सर्वांना ऐकू जाईल असे तो म्हणाला, ‘बरा तर. येतंय मी.’

घरातून कोणी ‘ये’ म्हटले नाही. शिरस्ता मोडला, तो एवढ्या वर्षांत मी प्रथमच पाहिला. इंगरला ते खटकले असावे. शिकविलेला धडा आठवून तिने उत्साहाने हात उंचावला आणि मोठ्याने म्हटले, ‘ये!’

‘ह्येका नाय म्हणूचा गो!’ जहिराने पुन्हा एकदा तिच्या तोंडावर हात ठेवला.

‘मग ह्येका काय म्हणूचा?’

जहिरा विचार करू लागली. रस्त्यावर प्रीतमची गाडी सुरू झाली होती. ओढणीची गाठ अजून तशीच होती.