कर्ण्याचा गळा

डोळा लागला, असं काही म्हणता येणार नाही. डोळ्याने जरा पाठ टेकली आहे, एवढंच. चैत्रातली दुपार, गच्चीवरची पत्र्याची शेड, खांबाला टेकून मी, आणि शेजारी आडवा पडलेला अण्णांचा कर्णा. पूर्वी लग्नात मांडवासमोरच्या झाडावर टांगायचे तसला, पत्र्याचा, परातीएवढ्या तोंडाचा. चार दिवस मी त्याच्याशी झगडते आहे. आईची ओवी पेनड्राइव्हवर लावून ठेवली आहे. ती संपते आणि पुन्हा सुरू होते. आणि दर वेळी कर्णा त्याच जागी झणाणतो.

मांडवाच्या म्होरं कर्णा टांगिला लिंबाला
सांगा माझ्या झण्ण्ण्ण्... गळा एकच दोघाला

जिथे झणाणतो, तिथे अण्णांचं नाव आहे.

आईने जन्मात नवऱ्याचं नाव घेतलं नाही. कचेरीत कुणी विचारलं तर माझ्याकडे बोट दाखवून म्हणायची, "हिच्या बापाचं नाव लिवा." एकदाच घेतलं. आत्याच्या लग्नात घाणा भरताना. जात्यावर हळद पडली होती, बायका नाव घे म्हणून छळत होत्या, आणि अण्णांनी जात्यामागे माईक लपवला होता. आईने ओवी उंच फेकली आणि वरच्या सुराला, ऐन टोकावर, नाव घेतलं. लिंबावरच्या कर्ण्यातून ते अख्ख्या गावाने ऐकलं. अण्णांच्या टेपवर ते राहिलं. अण्णा जाऊन आता सहा वर्षं झाली.

उद्या माझ्या लेकीचा, रेवतीचा घाणा आहे. आई चौऱ्याऐंशीची. तिचा गळा बसला आहे आणि कानही गेले आहेत. मोबाईल कानाला लावला तर म्हणते, "मुंगी बोलतीय." रेवतीने नवे स्पीकर आणले, तर म्हणाली, "ही बाई कोण?" एवढंच मागते ती: "त्या कर्ण्यातनं लाव. एकदा. पुरी ओवी."

आणि कर्णा नेमकं नाव खातो.

चूक माझीच. लग्नघरात शोभावा म्हणून मी तो माळ्यावरून काढला. पाठीवर काळपट, खरबरीत पापुद्रा होता, म्हशीच्या अंगावर चिखल वाळावा तसा. दोन दिवस रॉकेल आणि पॉलिश पेपर घेऊन सगळा खरवडला, वर चंदेरी रंग दिला. आरशासारखा झाला. मग वाजवला, आणि कळलं की ती घाण नव्हती. अण्णांनी हाताने चढवलेलं डांबर होतं ते. पत्रा थरथरू नये म्हणून.

तेव्हापासून काय काय केलं! तोंडाच्या कडेला सायकलची ट्यूब ओढली. आत रग कोंबली, तर आवाजच घुसमटला. नवं डांबर लावलं, ते रंगावर बसेना, उन्हात ओघळून गेलं. कापूस, काथ्या, चिकटपट्टी. आता रडावंसं वाटतंय, पण रडायचीही ताकद नाही.

पापणी खाली येते. ओवी सुरू होते.

"चा झाला का?" कुणीतरी विचारतं.

अण्णा कर्ण्याच्या तोंडाशी उकिडवे बसले आहेत. धोतराचा सोगा खोचलेला, दातांत तांब्याची तार. ते आले याचं मला नवल वाटत नाही. उशिरा आले याचा राग येतो.

"अण्णा, सहा वर्षांनी येताय आणि आल्या आल्या चहा?"

"मग काय, जेवायला वाढतीस?" तार दातांत असल्यामुळे शब्द चपटे होऊन येतात. ते कर्ण्याच्या पाठीवरून तळवा फिरवतात. थबकतात. "ह्याला उघडं कुणी केलं गं?"

मी पॉलिश पेपर पायाखाली सरकवते.

"वच्छे, मी इचारतोय."

"मी केलं. घाण दिसत होती."

"घाण!" ते वर लिंबाकडे बघतात. गच्चीवर लिंब नाही. पण आता आहे. शेडचा खांबच लिंब झाला आहे, आणि त्याच्या पानापानांतून उन्हाचे गुंजेएवढे तुकडे अण्णांच्या टकलावर पडताहेत. "उघडा माणूस थंडीत दातावर दात वाजवतो. ह्यो तर पत्रा हाय."

"ते कळलं मला. आता काय करू, ते सांगा."

"आदी चा."

मी चहा करायला वळते. स्वयंपाकघर लिंबाच्या मागेच आहे. चुलीवर पातेलं आहे, पण त्यात चहा नाही, डांबर रटरटतंय. काळं, जाड, बुडबुड्यांचं. मी त्यात साखर टाकते. अण्णा दारातून म्हणतात, "कमी टाक, मला साखर चालत न्हाई." तेवढ्यात कुठूनतरी ओवी येते आणि फुटते, सांगा माझ्या झण्ण्ण्ण्, आणि मांडणीवरची सगळी ताटं एकदम थरथरतात, एकमेकींना चिकटून, घाबरलेल्या पोरींसारखी.

"ऐका! ऐका ना, तुमचं नाव खातोय तो!"

"खाऊ दे. आधीच गावात लई बोंबलून झालंय."

"आईला ऐकायचंय."

ते दातांतली तार काढून कानावर ठेवतात, पेन्सिलीसारखी.

"तिनं मागितलं?"

"तिनंच."

"नाव?"

"ओवी मागितली. पुरी."

अण्णा हसतात. सहा वर्षांत ते हसू मी विसरले होते. एका बाजूने येतं, दुसऱ्या बाजूला पोचायच्या आत परत जातं. "चोरटी हाय," म्हणतात. "तुझ्या आत्याच्या घाण्याला म्हणली होती, माईक बंद हाय न्हवं? मी म्हणलो, हाय."

"मग सांगा ना उपाय! किती लावायचं, कुठं लावायचं, डांबरात काय घालायचं? तुम्ही कुठे लिहूनपण ठेवलं नाही. मला काही शिकवलं नाहीत. जत्रेला न्यायचात आणि काय? 'वच्छे, चा आण. वच्छे, धर इथं.' आयुष्यभर मी 'धर इथं'!"

माझा आवाज चढतो. चढतो तसा तो माझा राहत नाही, कर्ण्यातून येऊ लागतो, आणि आम्ही दोघे कर्ण्याच्या आत उभे आहोत. विहिरीत उतरल्यासारखं. भिंती चंदेरी, गोल, वर निमुळत्या होत गेलेल्या, आणि वर अगदी टोकाला बोराएवढं भोक. त्यातून आईचा आवाज थेंबाथेंबाने खाली पडतो. तो भिंतीला लागला की भिंत शहारते. तो शहारा माझ्या टाचांतून दातांत येतो.

"बंद करा! कुठंतरी धरा त्याला!"

"तू काय केलंस?"

"तोंड बांधलं. ट्यूब ओढली, रग कोंबली, सगळं करून बघितलं."

"वा गं शानी!" अण्णा गोल भिंतीला पाठ लावून खाली बसतात, जणू त्यांना वेळच वेळ आहे. "पोर रडतंय, आन् तू त्याचं तोंड दाबतीस. दुखतंय कुठं, ते बघितलंस का?"

"कुठं दुखतंय?"

"मला काय म्हाईत? मी त्याला कधी इचारलं न्हाई. इचारायला तू होतीस की."

मला काही समजत नाही. संताप मात्र येतो. मेल्यावरही सरळ बोलायचं नाही म्हणजे काय!

"अण्णा, उद्या घाणा आहे. कोडी घालू नका."

"कसलं कोडं? आठव की. 'धर इथं' म्हणलो की तू कुठं धरायचीस?"

जत्रेतली धूळ. बैलगाडी उभी आहे, तिच्या साटीवर कर्णा. मी सहा वर्षांची, परकर खोचलेला. अण्णा मागे मशीनचं बटण फिरवताहेत, कर्णा हूं हूं करतोय. "धर इथं वच्छे. न्हाई, जरा खाली. जरा मागं. तिथं झणझणतंय का? गुदगुल्या व्हतात का?" "न्हाई." "आता?" "आता व्हतात!" "मग दाबून धर. सोडू नगंस." माझे दोन्ही तळवे कर्ण्याच्या मानेला, जिथे तो रुंद व्हायला सुरुवात होते. आणि हूं हूं शांत होतं, पाण्यात दगड बुडल्यासारखं. मी हात काढते आणि अण्णा पातेल्यातलं डांबर तिथेच थापतात, काथ्याचे तुकडे घालून, अंगठ्याने, ओळीने.

"माझा हात राठ," अण्णा म्हणतात. ते बैलगाडीच्या मागून बोलताहेत आणि मी सहाची आहे, आणि एकोणसाठचीही. "तारा वढून वढून कातडं मेलेलं. मला काय कळतंय कुठं थरथरतंय ते? तुझ्या हाताला कळायचं. तुझ्या हातावर मी चाळीस लग्नं काढली."

"मग सांगितलं का नाहीत तेव्हा?"

"आगं, सांगितलं असतं तर हात घाबरला असता." मग म्हणतात, "आन् एकदा तू बी अंगठा दाबलास मधीच. चटका बसला, लई रडलीस. तुझ्या आईनं तूप लावलं आन् मला शिव्या दिल्या. नाव न घेता."

मला ते आठवत नाही. मी तसं सांगते.

"त्याला आठवतंय," ते कर्ण्याकडे हनुवटी करतात. बैलगाडी हलली आहे. चाक कुरकुरत नाही, ओवी म्हणतंय. अण्णा साटीवर चढून बसतात, तार पुन्हा दातांत.

"अण्णा, थांबा. डांबर ओघळतंय माझं, ते तरी सांगा!"

"रंगावर कसं बसंल? तेवढा रंग काढ. आन् घट्ट कर, राख घाल." गाडी लांब जाते, आवाज मात्र जवळच राहतो, कानाशी. "धर इथं, वच्छे."

मी धरते.

सांगा माझ्या रामलिंगा, गळा एकच दोघाला

लख्ख. जात्याची घरघर, बांगड्या, बायकांचं हसू, आणि त्या सगळ्यावर उंच, कोवळं, बेडर, आईने घेतलेलं नाव.

मी जागी आहे.

ऊन सरकून कर्ण्यावर आलं आहे. मी खांबावरून कलंडून त्याच्यावर पडले आहे, आणि माझा उजवा हात त्याच्या मानेखाली गेला आहे, टांगायच्या लोखंडी कड्याच्या मागे. ओवी संपते, पुन्हा सुरू होते. मी हात काढते. झण्ण्ण्ण्. हात लावते. रामलिंगा. काढते, लावते. चार दिवस बांधत होते ते तोंड, आणि दुखत होतं इथं.

खालून आईची हाक येते. बसलेल्या गळ्याची, घाबरीघुबरी.

"वच्छे! अगं बंद कर की! माणसं ऐकतील नाव!"

"ऐकू आलं आई?" मी कठड्यावरून ओरडते.

ती अंगणात उभी आहे, पदर तोंडावर. खांदे हलताहेत. रडतेय की हसतेय ते वरून कळत नाही. बऱ्याच वेळाने ती मान वर करते.

"आणि एकदा लाव," म्हणते. "मग बंद कर."

मी परत येऊन कर्ण्यापाशी बसते, कडं वर सरकवते. माझा पॉलिश पेपर तिथे पोचलाच नव्हता. कड्याखाली डांबराची वीतभर पट्टी तशीच राहिली आहे, फक्त कडेने पत्र्यापासून सुटलेली, आणि तिच्यावर अण्णांचे अंगठे, एकापुढे एक, पेरणीच्या तासासारखे. मधेच एक इवलासा, चिंचोक्याएवढा.

त्याच्या शेजारी एक नवा. उन्हाने मऊ झालेल्या डांबरात खोल रुतलेला, अजून चमकणारा. मी माझा उजवा अंगठा बघते. काळा आहे.