दारावर आलेली घागर

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली की आमच्या खानदेशी घरांत सांजोऱ्यांचा वास सुटतो, लेकी माहेरी येतात, पोरीबाळी झोके बांधतात. यंदा मी मात्र देवाला सांगत होते, ही आखाजी येऊच देऊ नको. आणि आलीच, तर घागर तरी मिळू देऊ नको. असलं मागणं कुणी मागतं का? मी मागत होते, तेही देव्हाऱ्यात दिवा न लावता. दिवा लावणं मी भूषण गेला तेव्हाच सोडलं होतं.

भूषण माझा मुलगा. एकुलता एक. शहरातल्या पर्वत पाटिया भागात साड्यांच्या दुकानात कामाला होता आणि आम्ही त्याच्यासाठी मुली बघत होतो. पावसाळ्यात ताप आला. साधा ताप म्हणून गोळ्या दिल्या, पण तो साधा नव्हता. दवाखान्यात नेला तेव्हा त्याला धाप लागलेली. मी देव पाण्यात घातले, नवस बोलले, अनवाणी राहिले. तो मात्र एकच म्हणत होता, "मम्मी, घोटभर पाणी दे." डॉक्टरांनी बजावलं होतं, पाणी द्यायचं नाही, श्वासात जाईल. त्यांचंही बरोबरच होतं, भांडू कुणाशी? मी ओल्या कापसानं त्याचे ओठ पुसत राहिले आणि म्हणत राहिले, "थोडं थांब राजा, उद्या देते." तो उद्या काही उजाडला नाही. माझं पोर तहानलेलं गेलं. लोक म्हणतात, काळ औषध आहे. मला तर काळानं काही दिलं नाही, उलट दर घोटाला ते ओठ आठवायला लागले.

आणि आखाजीची घागर म्हणजे दुसरं काय? गेलेल्या माणसाला पाणी. मातीची कोरी घागर भरून ठेवायची, वर छोटं मडकं, त्यावर खरबूज, सांजोरी, आंबा. उंबरठा पुजायचा आणि घरातल्या एकेका गेलेल्याचं नाव घेत त्यावर कुंकवाचं बोट ओढायचं. ज्या घरात वर्षात माणूस गेलं असेल तिथे त्याच्या नावाची नवी घागर. मला संताप यायचा. जिता असताना घोटभर दिलं नाही, आता घागरभर देऊन कुणाची समजूत घालायची? आणि एकदा ती घागर भरली की भूषण पितरांत गेला, आजोबा-पणजोबांच्या रांगेत. तेवढं करायला माझा हात धजत नव्हता.

मला एक पळवाटही सापडली होती. आमच्यात नवी घागर बाजारातून आणत नाहीत. ती दारावर आलेल्या कुंभाराकडूनच घ्यायची. माझी आई म्हणायची, "गेलेल्याला धुंडायला बाजारात जाऊ नये गं, तो आपणहून दारात येतो." आणि दारावर कुंभार येतो कुठे आता?

माझ्या लहानपणी यायचा. आम्ही तेव्हा नवागाममध्ये राहायचो, वडील कापडाच्या लूमवर कामाला होते. गल्लीत दिवसभर लूमची खटखट, पण त्या खटखटीतूनही कुंभारबाबाची हाक ऐकू यायची, "घागर ल्या वं माय, आखाजीनी घागर!" ढकलत आणलेल्या लारीवर गवत अंथरलेलं, त्यात लालभडक घागरी. आम्ही पोरी परकर सावरत मागे धावायचो, कारण तो आम्हाला गौराईसाठी बोटाएवढी मडकी फुकट द्यायचा. बाया टिचक्या मारून घागरी पारखायच्या, घासाघीस करायच्या आणि बाबा त्यांची थट्टा करायचा, "घागर लेस का जावाई देखस वं?" पण एखादीचा चेहरा बघून तो थट्टा सोडायचा. वर्षात घरातलं कुणी गेलंय का, ते हळूच विचारायचा, "नवी शे?" ती मान हलवायची. मग त्या घागरीला कुणी टिचकी मारायची नाही. बाबा तिच्याच घरचं पाणी मागून घ्यायचा, गेलेल्याचं नाव विचारायचा आणि नाव घेऊन पहिली धार स्वतः घागरीत ओतायचा. कोरी नवी घागर तो कुणाच्या हातात देत नसे. आम्हा पोरींना त्यातलं काही कळत नव्हतं, आमचं लक्ष मडक्यांत.

बाबा जाऊन जमाना झाला. मागे कुणी ती लारी धरली नाही. नवागामची ती गल्लीही ओळखू येत नाही आता. आम्ही डिंडोलीत फ्लॅटमध्ये आलो, सोसायटीच्या गेटवर पाटी आहे, फेरीवाल्यांना आत यायला बंदी. लोक आखाजीला स्टीलचा हंडा भरतात, नाहीतर रस्त्यावरून नळ लावलेलं मातीचं माटलं उचलून आणतात. सासूबाई मला म्हणाल्या, "बजारमाईन लई ये वं माय, देव काय रागावस का?" मी ताडकन म्हटलं, "रीत म्हणजे रीत. दारावर आली तर घेईन." त्या बिचाऱ्या डोळ्यांना पदर लावून आत गेल्या. भूषणचं नाव घरात कुणीच घेत नव्हतं. घेतलं की मी भांडी आपटायचे.

आखाजीच्या दिवशी ऊन असं की गॅलरीत पाय ठेववेना. सासूबाईंनी सांजोऱ्या तळल्या होत्या. घागर नव्हती. मी मनात म्हटलं, सुटले. आणि सुटले म्हणताच असं भरून आलं, की भिंतीला डोकं टेकून मी देवाला नको नको ते बोलले. तू आहेस तरी का, म्हटलं. असशील तर माझ्या पोराला घोटभर पाणी का मिळू दिलं नाहीस?

तेवढ्यात दारावर थाप पडली.

दारात एक म्हातारी. डोक्यावर पाटी, पाटीत गवत, गवतात एकच घागर. मी तिला पूर्वी कधी पाहिलं नव्हतं, नंतरही दिसली नाही. वॉचमनला विचारलं, तर म्हणतो, असं कुणी आत सोडलंच नाही. जेवायला गेला असेल, काय ठाऊक. मी त्यावर वाद घालत नाही.

"घसा कोरडा पडना वं माय, पानी दे," ती म्हणाली.

पाणी मागणाऱ्याला नाही कसं म्हणणार? मी तांब्या भरून आणला. तिनं तो घेतला, पण तोंडाला लावला नाही. माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली. मग पाटी खाली ठेवून तिनं विचारलं, "नवी शे?"

मी उंबरठ्यावर बसले. मान हलली असावी.

"नाव सांग."

किती दिवसांत ते नाव माझ्या तोंडून निघालं नव्हतं. "भूषण," मी म्हटलं. आतून सासूबाईंचा हुंदका ऐकू आला.

म्हातारीनं तांब्या कलता केला. "भूषण, पानी पे रे बाप," म्हणत बारीक धार घागरीत सोडली. उरलेलं पाणी मग ती स्वतः प्याली, घटाघटा, हनुवटीवरून ओघळ गेला तरी. मी नुसती बघत होते. कुणीतरी तहानलेलं माझ्या दारात पोटभर पाणी पीत होतं. मी ओरडून रडले. दवाखान्यात रडले नव्हते अशी रडले.

तिनं मला गप्प केलं नाही. घागरीच्या बदल्यात सूपभर गहू पदरात घेतले, सासूबाईंनी दिलेली सांजोरी कनवटीला लावली आणि जिना उतरून गेली.

मग आम्ही घागर भरली. ह्यांनी खरबूज ठेवलं. मी देव्हाऱ्यात दिवा लावला आणि उंबरठा पुजला. आजेसासऱ्यांचं बोट ओढलं, सासऱ्यांचं ओढलं. त्यांच्या शेजारी, नाव घेऊन, भूषणचं. रेघ वाकडी आली. तशीच राहू दिली.

दुःख कमी झालं असं मी म्हणणार नाही. ते आहे तिथेच आहे, मरेपर्यंत राहील. पण देवाशी माझं भांडण संपलं. मी सगळी दारं लावून बसले होते, तरी ज्याला यायचं तो आला. आपण अडवून धरावं एवढं आपल्या हातात काहीच नसतं. धरून ठेवलेलं त्याच्या पायाशी ठेवायचं, एवढंच.

दिवेलागणीला मी वरचं छोटं मडकं उचलून घागरीत डोकावले. काठोकाठ भरलेलं पाणी चांगलं खाली गेलं होतं. कोरी माती पाणी पिते, हे मला लहानपणापासून माहीत आहे. तरी मी हात जोडले, तांब्या आणला आणि म्हटलं, "पी राजा, अजून आहे."