कोंडलेल्या पेशी

फॉर्मालिनचा वास नाकाच्या आधी डोळ्यांना कळतो. रिक्षात मी मांडीवर बरणी घट्ट धरून बसले होते तेव्हा डोळ्यांत आलेलं पाणी निव्वळ त्या वासाचं होतं; दुःखाला अजून सवड मिळाली नव्हती. बरणीत फॉर्मालिनमध्ये टिकवलेला, आईच्या जठराचा कापून काढलेला भाग होता. सिल्व्हर पार्कजवळच्या त्या नर्सिंग होममध्ये शस्त्रक्रिया झाली की तो नातेवाइकांनीच लॅबमध्ये पोचवायचा, अशी दोन हजार पाच-सहाच्या सुमारास रीत होती. रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं.

"मॅडम, क्या है उसमें? आँख जल रही है."

"अचार," मी म्हटलं. हाटकेशच्या कारखान्यांच्या गाळ्यांमधून पत्रा कापल्याचा कर्कश आवाज येत होता.

आईचा आजार वर्षभर आमच्या समोर वावरत होता आणि आम्ही त्याला भक्ती म्हणत होतो. आधी तिचा फक्त सोमवार असे. मग गुरुवार आला, शनिवार आला, संकष्टी, एकादशी. अन्न जात नव्हतं म्हणून तिने वार वाढवले. उपास करणाऱ्या बाईला कुणी कारण विचारत नाही. साबुदाण्याची वाटी पुढ्यात घेऊन ती बोटांनी दाणे मोकळे करीत बसे, आणि वाटी तशीच थंड होई. बाबा अभिमानाने सांगत, "हिचं फार कडक असतं हो." शेजारीण म्हणे, "काकू, थोडं पुण्य आमच्या नावावर पण टाका ना."

लॅबच्या डॉक्टरबाई एका अभ्यासात काम करीत होत्या: जठराच्या गाठीत प्राणवायूच्या कमतरतेच्या खुणा शोधण्याच्या. त्यासाठी आईची संमती हवी होती. आई तोवर उठून बसू लागली होती. सही बाबांनी केली.

पुढे बाईंनी मला सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. निळसर पेशींच्या दाटीत मधोमध तपकिरी डाग पसरले होते, ओल्या भिंतीवर पसरतात तसे.

"गाठ भराभर वाढते, रक्तवाहिन्या मागे पडतात," त्या म्हणाल्या. "आतल्या पेशींना प्राणवायू मिळत नाही. बऱ्याच मरतात. काही मात्र एक प्रथिन साठवतात आणि तशाच जगायला शिकतात. तपकिरी दिसतंय ते तेच."

"मग?"

"अशा पेशी जास्त असल्या की आजार परतायची भीती वाढते, असं दिसतंय. अभ्यास अजून चालू आहे. एका माणसाचं पुढचं यावरून सांगता येत नाही. पण मला हे आवडलेलं नाही."

घरी बाबांनी आणि दादाने सगळं ठरवूनच टाकलं होतं. आईला सांगितलं होतं की अल्सर होता, काढला. केमोथेरपीला ताकदीची सलाइन म्हणायचं.

"तिला एकदा विचारूया," मी म्हटलं.

"कळलं तर खचेल ती," दादा म्हणाला.

"आणि तिला काय समजणार आहे त्यातलं?" बाबा म्हणाले. "तू कविता करतेस, तसलं बोलणं तिच्यापुढे काढू नकोस."

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघे घराबाहेर पडले. खिडकीतून खाडीचा खारट, कुबट वारा येत होता. मी आईला सगळं सांगितलं. आधी कॅन्सर हा शब्द, मग बाकीचं. ती चादरीची सुरकुती तळव्याने सारखी करत ऐकत राहिली. कोंडलेल्या पेशींपाशी आले तेव्हा तिचा हात थांबला.

"हवा नाही, तरी जगल्या?"

"हो."

"शिकल्या असतील हळूहळू," ती म्हणाली.

पुढे तिने ती सलाइन काही महिने घेतली, आणि मग, मला सगळं ठाऊक आहे असं बाबांच्या तोंडावर सांगून, बंद केली. वर्ष सरायच्या आत ती गेली. मी तिला खचवलं, असं बाबा अजूनही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. त्या दुपारी आई काय म्हणाली, ते मी त्यांना कधी सांगितलं नाही.

"औषध घ्यायचं की नाही, ते तू सांग," मी तिला म्हटलं होतं. "तू म्हणशील तसं."

माझ्या मनगटावर तिने हात ठेवला. तो हलका आणि कोरडा होता. मग, जिभेवर काही अनोळखी चव घोळवावी तशी, ती म्हणाली, "विचारलंस."