एमे रोबेरने नापास केलेलं घड्याळ

ला कोम्ब गावात घड्याळ नसलेलं मनगट एकच होतं, आणि ते एमे रोबेरचं होतं. ज्या डोंगराळ गावात गायी आणि घड्याळं यांपलीकडे काही पिकत नाही, तिथे हे जरा चमत्कारिकच. बरं, माणूस काही घड्याळांवर रुसलेला नव्हता. गावच्या कारखान्यात तो शेवटच्या तपासणीच्या टेबलाशी बसायचा आणि सगळा जन्म त्याने तिथेच काढला होता. वेळ हवी असली की तो चर्चच्या मनोऱ्याकडे बघायचा, आणि मनोऱ्याचं घड्याळ मागे आहे असं वर सांगायचा. ते त्याला कसं कळतं, हे विचारायची हिंमत पाद्रीबुवांनाही झाली नाही.

"अरे, एक घड्याळ घे की आता," असं कोणी म्हटलं की त्याचं उत्तर ठरलेलं. "घेणार आहे. बघतोय."

हे 'बघतोय' त्याची बायको ओदेत लग्नाच्या आधीपासून ऐकत आली होती. नवरा म्हणून एमे वाईट नव्हता. दारू बेताची, आवाज बेताचा. पण त्याचं काम खोट काढायचं. डोळ्याला भिंग लावायचं, तयार घड्याळ फिरवून फिरवून बघायचं, खोट दिसली की काचेवर लाल ठिपका चिकटवून परत पाठवायचं. नाही दिसली तर तोंडातल्या तोंडात म्हणायचं, "काही सापडलं नाही." 'छान आहे' हा शब्दप्रयोग कारखान्याच्या नियमात नव्हता, आणि एमेच्या घरी कारखान्याचेच नियम चालत. सूप ओरपून झालं की, काही सापडलं नाही. नवे पडदे लावले, काही सापडलं नाही. ओदेतने एकदा हौसेने केस कापून घेतले, तेव्हा त्याने डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं आणि म्हणाला, "डावीकडे जरा जास्त गेलेत."

लग्नाला तर त्याने नऊ वर्षं लावली होती. रविवारी फिरायला न्यायचा, पेस्ट्री खाऊ घालायचा, घरापर्यंत सोडायचा आणि परत बघत बसायचा. मग एका शरद ऋतूत कुरणावर तोरे होती. तोरे म्हणजे आमच्याकडची सगळ्यात मोठी मेजवानी. मोठी शेकोटी पेटवायची, निखारे झाले की कोबीच्या पानांत आणि ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला जाडजूड सॉसेज त्यांत पुरायचा, पाऊण तास पांढरी वाइन पीत बसायचं. त्या दिवशी सॉसेज ओदेतच्या ताब्यात होता. ती गप्पांत रंगली आणि वेळ विसरली. उकरून काढला तेव्हा त्याचा कोळसा झालेला. सगळं गाव हसलं, ती रडली, आणि त्याच संध्याकाळी एमेने तिला मागणी घातली. बिचारीची दया आली असणार, असं गाव म्हणालं. ओदेतही मनात तेच धरून बसली. दयेवर झालेलं लग्न पुष्कळ टिकतं. पण ते बाईच्या मनात कुसळासारखं राहतं.

म्हणूनच एमेच्या निवृत्तीची तिला त्याच्यापेक्षा जास्त घाई झाली होती. कारखान्याची रीत अशी, की निवृत्त होणाऱ्याने कारखान्यातलं हवं ते घड्याळ निवडायचं. मागे त्याचं नाव कोरतात आणि निरोपाच्या जेवणात संचालिका मादाम ग्रोजाँ स्वतः ते मनगटावर बांधतात. जो मुदतीत निवडत नाही, त्याला भिंतीवरचा बॅरोमीटर मिळतो. गावात तीन घरांत बॅरोमीटर आहेत आणि त्या घरांविषयी लोक हळू आवाजात बोलतात. ओदेतला बॅरोमीटरची लाज वाटत नव्हती. तिला एवढंच बघायचं होतं, की हा माणूस आयुष्यात एकदा तरी एखाद्या वस्तूवर बोट ठेवून 'हे मला हवं' असं म्हणतो का. घड्याळाला म्हणाला, तर कधीकाळी तिलाही मनातल्या मनात म्हणाला असेल, एवढी तरी आशा धरता आली असती.

"चावीचा क्रोनोग्राफ घेणार, बटण दाबून वेळ मोजता येणारा, एवढं नक्की," एमेने जाहीर केलं. इथवर यायला त्याला अख्खा वसंत ऋतू लागला.

"आपोआप चालणारं का नको?" कॅफेत गास्तोंने विचारलं. गास्तों कारखान्यात घड्याळाच्या डब्यांना पॉलिश करायचा, आणि एमेला डिवचणं हा त्याचा दुसरा व्यवसाय.

"हात हलवला की चालतं, त्यात माणसाचं काय कर्तृत्व? रोज सकाळी स्वतःच्या बोटांनी चावी द्यावी, मग ते आपलं."

"रोज सकाळी ओदेतला गुड मॉर्निंग म्हणतोस का? ती तर न म्हणताच चालते!"

कॅफे खदखदून हसला. एमेच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही.

मग सुरू झाला तबकड्यांचा घोळ. काळी तबकडी रुबाबदार, पण काळ्यावर धूळ दिसते. चंदेरी शांत, पण उन्हात काटे हरवतात. आत तीन छोट्या तबकड्या असल्या की गर्दी होते, दोन असल्या की चेहरा डोळे वटारल्यासारखा दिसतो. बटणं गोल असावीत की चौकोनी, यावर तो जेवताना असा बोलायचा, की ओदेतला एकदा वाटलं आपण घरात तिसरं माणूस आहोत.

"आणि मिनिटं किती मोजायची?" एका रात्री बटाटे सोलता सोलता तो म्हणाला. "तीसच मिनिटांची मोजणी असली तर सॉसेज भाजून होत नाही. बारा तासांची असली तर एवढा वेळ लागणारं आपल्या आयुष्यात आहे काय?"

"ते तू ठरव."

"पंचेचाळीस मिनिटं," तो चाकू थांबवून म्हणाला. "पाऊण तास. ओदेत, एक आहे तसं. चंदेरी तबकडी, दोन डोळे, चौकोनी बटणं."

ओदेतने श्वास रोखला. "मग?"

"बघतो."

मुदतीच्या शेवटच्या शुक्रवारी ती स्वतः त्याला कोट घालून, दारापर्यंत हाताला धरून, कारखान्यात घेऊन गेली. एमेने मादाम ग्रोजाँसमोर त्या चंदेरी घड्याळावर बोट ठेवलं.  ओदेत घरी येऊन स्वयंपाकघरात एकटीच हसली.

शेवटच्या दिवशीही एमे रोजच्यासारखाच टेबलाशी बसला. तपासणीला आलेल्या ट्रेमध्ये त्याने निवडलेल्या जातीची चंदेरी घड्याळं होती. कोणतं कोणासाठी ते फक्त कचेरीच्या वहीत असतं आणि नाव पास झाल्यावर कोरतात, त्यामुळे त्यांतलं त्याचं कोणतं, ते त्याला कळायला मार्ग नव्हता. त्याच्या मनातही तो विचार आला नाही. काम म्हणजे काम. त्याने एकाला लाल ठिपका लावला, बाकीची सोडली, भिंग खिशात घातलं आणि घरी येऊन आंघोळ केली.

निरोपाच्या जेवणाला अख्खा कारखाना होता. वितळलेल्या चीजचं फोंड्यू झालं, नासपतीची दारू झाली, भाषणंही झाली. मग मादाम ग्रोजाँ एक मोठं, चपटं खोकं घेऊन उठल्या. एवढ्या मोठ्या खोक्यात मनगटाचं घड्याळ नसतं, हे ओदेतला सगळ्यांच्या आधी कळलं. 

"म्स्यू रोबेर," मादाम ग्रोजाँ चाचरत म्हणाल्या, "तुमचं घड्याळ तयार होतं. पण आज दुपारी ते तपासणीत नापास झालं. म्हणून आजच्यापुरता हा बॅरोमीटर."

"कोणी केलं नापास?" गास्तों टेबलावर हात आपटून ओरडला. "आजच्या दिवशी? माणुसकी आहे की नाही?"

मादाम ग्रोजाँ खोक्याकडे बघत राहिल्या. "त्यांनीच."

सभागृह असं हसलं की काचेचे पेले वाजले. गास्तों खुर्चीतून खाली बसला तो उठेचना. ओदेतला मात्र हसू येईना. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि रागही आला. याने स्वतःच्या घड्याळालासुद्धा सोडलं नाही. मग आपली काय कथा?

एमे उभा राहिला. "आणा ते," तो म्हणाला.

"उद्या सकाळी आम्ही साफ करून देतो," मादाम ग्रोजाँ म्हणाल्या. " दहा मिनिटांचं काम आहे."

"साफ नको. आहे तसं आणा."

ट्रेमध्ये ठेवलेलं घड्याळ आलं. काचेवर लाल ठिपका तसाच. एमेने खिशातून भिंग काढलं, बघितलं, आणि त्याचा चेहरा उजळला. "काचेच्या आत धुळीचा कण. पाचच्या आकड्याच्या खाली. हेच मला हवं."

"पण खोट असलेला माल दाराबाहेर जात नाही," मादाम ग्रोजाँ काकुळतीला आल्या. "नियम तुम्हीच घालून दिलाय, म्स्यू रोबेर!"

"तेव्हा मी इथे नोकरीला होतो."

त्याने नखाने लाल ठिपका काढला, तो ट्रेच्या कडेला व्यवस्थित चिकटवला आणि मनगट पुढे केलं. मादाम ग्रोजाँनी पट्टा बांधला. नाव न कोरलेलं, नापास झालेलं घड्याळ. बॅरोमीटर गास्तोंने मागून घेतला.

घरी जाताना चढावर ओदेत थांबली. "तुला झालंय काय, एमे? उद्या स्वच्छ मिळत होतं ना?"

"स्वच्छ मिळालं असतं तर मरेपर्यंत शोधत बसलो असतो," तो म्हणाला. "याचं आता माहीत आहे. पाचच्या खाली. सापडलं की माणूस निवांत होतो."

 मग तिने तो प्रश्न विचारला, जो तिने इतकी वर्षं गिळला होता. "मला मागणी घातलीस, तेव्हा माझी दया आली होती ना? तो सॉसेज जळला म्हणून?"

"दया?" एमेला खरंच समजेना. "नऊ वर्षं बघत होतो, ओदेत. काही सापडतच नव्हतं. मला झोप लागायची नाही. म्हटलं, आपली नजर गेली. त्या दिवशी तू तो कोळसा बाहेर काढलास, आणि वाटलं, चला! आता हिच्याशी लग्न करता येईल."

ओदेतने आधी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. मग रस्त्याच्या कडेच्या भिंतीवर बसून ती हसली, रडली, परत हसली. "गाढवा," ती म्हणाली, "हे सांगायला तुला एवढी वर्षं लागली?"

"तू विचारलं नाहीस."

पुढच्या रविवारी कुरणावर तोरे होती. सॉसेज ओदेतने पुरला आणि एमेने सगळ्यांदेखत बटण दाबलं. लांब काटा पळू लागला. गावकरी भोवती जमून मनगटात डोकावत होते. मग वाइन आली आणि जो तो गप्पांना लागला. ओदेत गास्तोंच्या बायकोला त्या रात्री चढावर घडलेला प्रसंग रंगवून सांगत होती, हातवारे करत होती, आणि तिचे केस डावीकडे जरा जास्तच उडत होते.

छोटा काटा पंचेचाळिसावर आला. एमेने तो पाहिला. ओदेतकडे पाहिलं. मग बटण दाबून त्याने काटा थांबवला आणि शर्टाची बाही घड्याळावर ओढून घेतली.

सॉसेज बाहेर निघाला तेव्हा कोबीची पानं राख झाली होती आणि आतलं सगळं काळं पडलं होतं. ओदेतने कपाळाला हात लावला. "अरे देवा! एमे, तू मोजत होतास ना? बघ बरं, कसा झालाय?"

एमेने एक तुकडा तोंडात टाकला आणि बराच वेळ चावला.

"जळलाय," तो म्हणाला, आणि आणखी एक तुकडा घ्यायला ताट पुढे केलं.