डाळीतलं तूप

कालव्याच्या कडेची अर्धी वाट सरली तरी गलीलाकाकी गप्पच होत्या. बरोबर आलेल्या शेजारच्या फेब्रोनियाला त्याचीच धास्ती वाटत होती. काकी गप्प असल्या की आत काहीतरी शिजत असतं, हे गल्लीतलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल.

"काकी, काय बोलायचं ते ठरलं ना?"

"ठरलंय. 'जाऊबाई, मला माफ करा.' संपलं."

खजुराच्या कोवळ्या झावळीचा विणलेला क्रूस त्यांनी जावेसाठी ओल्या फडक्यात जपून धरला होता. उद्या झावळ्यांच्या रविवारचा सण.

गेल्या वर्षी, या सणाआधीच्या मोठ्या उपवासातच, वारलेल्या थोरल्या दिरांचा चाळिसावा दिवस आला. जाऊ नाद्राबाईंनी पंगतीला मसुराची डाळ केली. काकींनी घास घेतला आणि साऱ्या बायकांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "थुंका गं, यात तूप आहे." आमच्या उपवासात दूध-तुपाचा थेंबही चालत नाही. नवरा गेलेली बाई वाढायचा डाव हातात धरून तशीच उभी राहिली.

पापकबुलीच्या वेळी आमचे पाद्री, अबूना, म्हणाले, "ताटातलं पारखून घेतेस गलीला, तोंडातून जातं ते कोण पारखणार? आधी जावेशी समेट कर, मग प्रभुभोजनाला ये." तेव्हापासून चर्चमध्ये सगळे प्रभुभोजनाची भाकर घ्यायला पुढे जात, तेव्हा काकी मागे डोक्यावरचा रुमाल नीट करत उभ्या असत.

बाई वाईट नव्हती. मुलगा वनीस पाळण्यात असताना नवरा गेला, शिवणावर पोर वाढवलं. शेजारची उम्म हसन आजारी पडली तर रोज तिला जेवण नेलं, आणि रोज तिच्या घराला वास येतो हेही सांगितलं. देताना हात सैल, बोलताना जीभ सैल.

नाद्राबाईंनी दार उघडलं. क्षणभर पाहिलं.

"ये. उन्हात उभी राहू नकोस."

काळा चहा आला. काकींनी ठरलेलं वाक्य एका दमात म्हटलं. नाद्राबाईंचे डोळे भरले. त्यांनी क्रूस घेऊन देवमातेच्या तसबिरीला लावला.

"मीही तुला फार तोडून बोलले गं," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. डाळीत तूप मात्र नव्हतं हो."

काकींनी ओठ चावला. चहाचा घोट घेतला. फेब्रोनिया मनातल्या मनात प्रार्थना करू लागली.

"होतं, जाऊबाई."

नाद्राबाई उठल्या. "चहा झाला असेल तर निघा. ऊन वाढतंय."

परतीच्या वाटेवर दोघी पाणी उपसायच्या पंपापाशी आल्या.

"जाऊ द्या काकी. तुम्ही माफी तर मागितलीत."

"मागितली आणि तिथंच परत घेतली."

"खरंच होतं का हो तूप?"

"होतं. पातेलं तुपाचं असेल, नाहीतर एखाद्या पोरीनं घातलं असेल. मला वास कळतो." काकी पंपाच्या कट्ट्यावर बसल्या, चपलेतला खडा काढला. "पण न्यायाच्या दिवशी प्रभू मला तुपाचं विचारणार नाही. ती बाई डाव धरून उभी होती, त्याचं विचारेल."

"अबूनांना सांगा, प्रयत्न केला म्हणून."

"आणि ते काय म्हणतील? शाब्बास, अर्धं प्रभुभोजन घे?" त्यांनी चप्पल चढवली. "शिष्य असून 'प्रभूला ओळखत नाही' म्हणाला, त्या पेत्राची जीभ तरी कुठं धड होती. त्याला प्रभूनं टाकलं नाही."

"पेत्र रडला होता, काकी."

"मला रडायला वेळ लागतो. तोवर चालते." आणि काकी वळल्या त्या घराच्या दिशेनं नाही, आल्या वाटेनंच.

फेब्रोनियाच्या पायात गोळे आले होते. "आत्ता? परत? त्या दार तरी उघडतील का?"

"नाही उघडलं तर उंबऱ्यावर बसेन. संध्याकाळच्या प्रार्थनेआधी अबूनांपर्यंत पोचायचंय, म्हणजे उद्या प्रभुभोजन मिळेल." थोडं पुढं गेल्यावर त्या थांबल्या, बाही वर सारून दंड पुढं केला.

"पोरी, एक काम कर माझं. या खेपेला मला अगदी खेटून बस. ती तुपाचं काढणारच. तेव्हा माझं तोंड उघडताना दिसलं की इथं चिमटा काढ. वळ उठला तरी सोडू नकोस."